डावा बूट माझ्याकडे, उजवा तुझ्याकडे

मुक्काम वाडी, तालुका पारनेर
मार्गशीर्ष, सकाळचं ऊन ओट्यावर आलं आहे

तीर्थस्वरूप ज्ञानूदादास,

धाकट्या सहादेवाचा दोन्ही पाय जुळवून नमस्कार. (त्या पायांत काय आहे ते पुढे येईलच.) इकडे सगळं ठीक आहे. म्हैस गाभण आहे, वाटाणा फुलावर आला आहे, तुझ्या भावजयीचा, रंगुबाईचा, गुडघा थंडीनं धरला आहे आणि तोंड नेहमीसारखंच मोकळं आहे. तुझी तब्येत कशी आहे ते मी विचारत नाही, कारण तू आजारी होतास असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि ज्याला काही माहीतच नाही त्यानं विचारायचं तरी काय? तरी सहज म्हणून लिहितो, जिना हळू चढत जा, मीठ कमी खा, वहिनी देतील त्या गोळ्या वेळेवर घे. कसल्या गोळ्या ते मला ठाऊक नाही. थंडीत सगळ्यांनीच घ्याव्यात अशा काही गोळ्या असतात असं ऐकून आहे.

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट दोनदा उलटंपालटं केलं असशील. फोन केला असता, पण फोनवर ‘हॅलो’च्या पुढे काय म्हणायचं ते मला सुचत नाही, आणि सुचलेलं खोडताही येत नाही. शिवाय आपला शेजारी आप्पासाहेब कांदा घेऊन नगरला येतो तेव्हा सावेडीत कुणाकुणाला भेटून काय काय सांगतो याचा नेम नाही. तेव्हा त्यानं तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सरळ कळवतो की मी आजोबांचा बूट घालायला लागलो आहे. रोज. दूध घालायला जाताना, रानात जाताना, ग्रामपंचायतीत जाताना, आणि काही कारण नसतानाही.

हे पत्र तुझा नातू पार्थ वाचून दाखवेल (तुझा चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो), आणि त्याला या बुटाची हकिगत माहीत नसणार, म्हणून थोडक्यात लिहितो. बाळ पार्थ, तुझे खापरपणजोबा म्हण की पणजोबा म्हण, आमचे आजोबा, भिमाजी, नगरला लष्कराच्या पागेत घोड्यांना खरारा करायचे. एक साहेब जाताना त्यांना आपले गुडघ्यापर्यंतचे तपकिरी बूट देऊन गेला. आजोबांनी ते जन्मात कधी घातले नाहीत. पण खंडेनवमीला विळे, कोयते, नांगराचा फाळ यांच्या पंगतीत ते बूटही पूजेला मांडायचे. आजी म्हणायची, पायातलं पुजेत कसं चालंल? आजोबा म्हणायचे, माझ्या पायात ते गेल्यातच कुठं? शेवटी बुटांना वेगळा पाट मिळाला. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या आजोबांची आणि माझी वाटणी झाली. जमीन झाली, विहिरीच्या पाळ्या झाल्या, आंब्याच्या झाडाच्या फांद्यासुद्धा झाल्या, आणि दिवेलागणीला बुटांचा जोड उरला. तुझे आजोबा म्हणाले मी थोरला, मी म्हणालो पॉलिश कायम मी केलं. पंचांना भूक लागली होती. त्यातला एक वैतागून म्हणाला, “एकेक घ्या अन् मिटवा!” तो चेष्टेत म्हणाला होता, बाळा. आम्ही दोघं लगेच हो म्हणालो. एकानं उजवा उचलला, एकानं डावा उचलला, आणि दोघंही जिंकल्यासारखे आपापल्या बायकोकडे बघायला लागलो. जगात कुणी जमीन वाटतं, कुणी घर वाटतं. बुटाचा जोड वाटणारं घराणं बहुधा आपलं एकटंच असावं.

तर दादा, झालं असं. निवृत्त झाल्यावर मी आरशात पाहिलं. एकतीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली, ‘प्रत्येकाची रेघ वेगळी असली पाहिजे’ असं घसा कोरडा करून सांगितलं, आणि स्वतः एकतीस वर्षं तोच तपकिरी सँडल, तीच राखाडी पँट, तेच खिशाला पेन. माझी रेघ कुठे होती? गावात पाठमोरा चाललो तर लोक दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारायचे, आणि मीही ओ द्यायचो. या खंडेनवमीला ट्रंकेतून बूट काढला, पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं. एकटा बूट पाटावर कसा दिसतो ते तुला सांगायला नको, तूही दरवर्षी बघत असशील. दुपारी पुरणपोळी जड झाली आणि मी लिंबाखाली बाजेवर आडवा झालो. तिथे आजोबा आले. लिंबाची सावली त्यांच्या अंगावरून हलत होती, मागे एक पांढरा घोडा उभा होता, त्याच्या आयाळीत लिंबाची पिवळी पानं अडकली होती, आणि आजोबा एका पायावर लंगडी घालत अंगणभर हिंडत होते. मला म्हणाले, “सहाद्या, दुसरा कुठाय रं?” मी उत्तर देणार तेवढ्यात रंगुबाईनं माझ्या तोंडावरची माशी पदरानं हाकलली, आणि आजोबा घोड्यासकट गेले. एवढ्या जवळ आलेला घोडा माशीपायी जावा याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या आठवड्यात बूट पिशवीत घालून भिंगारला गेलो. तिथे रॉबिन नावाचा बूट शिवणारा आहे, त्याच्या बापानं आणि आजानं छावणीतल्या फौजींचे बूट शिवले. रॉबिननं बुटात कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले, वैद्य नाडी बघतो तसं काहीतरी चाचपलं आणि म्हणाला, “मास्तर, असलं कातडं आता न्हाई. ह्याचा जोडीदार कुठंय?” मी म्हणालो, सावेडीला. “मग रिक्षानं जावा की. वीस मिनिटं लागत्यात. मला कशाला कामाला लावता?” मी म्हणालो, आम्हाला अकरा वर्षं लागतायत. त्यानं मापाची फीत काढली. फक्त एवढंच म्हणाला, की एक बूट कुणी शिवत नसतो, शिवला तर हात वाकडा पडतो, तरी तुमच्यासाठी शिवतो.

आता वापराचं ऐक. असला बूट रोज घालायचा म्हणजे त्याला माणसाळवावं लागतं. साहेबाचा पाय आजोबांच्या छातीएवढा असावा, माझा पाय त्यात सोडला तर हरवतो, म्हणून पुढे कापूस कोंबला. कातडं वाळून पापडासारखं झालं होतं, त्याला आठ दिवस एरंडेल पाजलं. (रंगुबाई म्हणते घरात माणसापेक्षा बुटाचं पोट साफ आहे.) तळाला टायरचं रबर ठोकलं. धोतरावर घालून पाहिला तर बँडवाल्यातून चुकून मागे राहिल्यासारखा दिसलो, पँट आत खोचली तर भोपळे लोंबायला लागले, शेवटी पांढरा चुडीदार पायजमा, वर लांब सदरा आणि त्यावर राखाडी बंडी, असं ठरलं. बुटाच्या उंच नळीत जागा उरते, तिथे मोबाईल, कांदा खुडायची कात्री आणि दूध डेअरीचं कार्ड मावतं. रॉबिननं नव्या उजव्याला मागून चेन बसवून दिली, सर्रकन निघतो. जुन्यालाही बसवतो म्हणाला, सुरी टेकवलीच होती. मी त्याचा हात धरला. जुना चिरला असता तर तो तुझ्याकडच्यासारखा राहिला नसता. कशासाठी राहायला हवा ते विचारू नकोस, त्या क्षणी मलाही सांगता आलं नाही.

नवा बूट बोलतो. जुना गप्प. मी चाललो की एक पाऊल मुकं आणि एक पाऊल ‘कुर्र’. सगळा गाव आता मला न बघता ओळखतो. पहिल्या दिवशी दूध घालायला गेलो तर रांगेतल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, “मास्तर, घोडं कुठं बांधलंय?” प्रत्येकाला वाटलं हे आपल्यालाच सुचलं. मी म्हणायचो, चरायला सोडलंय. तेच तेच म्हणता म्हणता, दादा, मला ते खरंच वाटायला लागलं. पहाट झाली की ज्वारीच्या रानात दव असं असतं की सँडल घातलेला माणूस गुडघ्यापर्यंत भिजतो आणि सराटे तळव्यात घुसतात. मी बूट घालून बांधावरून निघतो. धुकं असतं, ज्वारीची कणसं नुसती तरंगत असतात, खालचा गाव दिसत नाही, आपण कुठल्या शतकात आहोत तेही दिसत नाही. अशा वेळी मागून टापा ऐकू येतात. एकदा मी वळून पाहिलं. आपलीच म्हैस, दावं तोडून मागोमाग आलेली. पण तिच्याही नाकातून वाफ निघत होती, पाठीवर दवाचे थेंब चमकत होते, आणि त्या उजेडात ती काही कमी दिसत नव्हती. आम्ही दोघं बराच वेळ तसेच चालत राहिलो.

त्या वाटेवर मला आठवलं (तुला आठवतं का?) की आपण पाच-सात वर्षांचे असताना आजोबा खंडेनवमीची पूजा झाली की आपल्या दोघांना एकेक बूट घालायला द्यायचे. तू उजव्यात उभा राहायचास, मी डाव्यात. बूट मांडीपर्यंत यायचा. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आपण अंगणात फेऱ्या मारायचो, मोकळा पाय मध्ये, बुटाचा पाय बाहेर, आणि आजोबा पाटावर बसून तोंडानं टापा वाजवायचे. वाटणीच्या दिवशी कुणी कुठला घ्यायचा हे कुणीच सांगितलं नव्हतं. तुझा हात आपणहून उजव्याकडे गेला, माझा डाव्याकडे. हे इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं, म्हशीबरोबर चालताना आलं.

आता अडचण. साहेबलोक बूट घालून जेवायला बसायचे, झोपायलाही जात असतील. आपल्याकडे तसं नाही. घर आलं काढा, डेअरीचं ऑफिस आलं काढा, मारुती आला काढा, कुणी चहाला बोलावलं काढा. आणि जुना बूट, पुढे सैल असला तरी घोट्याला अडकतो, एकट्याला निघत नाही. त्यासाठी मी ओट्यावर बसून पाय पुढे करायचा, रंगुबाईनं माझ्याकडे पाठ करून तो दोन्ही हातांत धरायचा आणि ओढायचा, आणि निघाला की ती बुटासकट अंगणात जाते. चौथ्या दिवशी तिनं सांगितलं, “ह्ये बूट हाय का लचांड? एक तर बुटात ऱ्हावा न्हाई तर घरात ऱ्हावा. माजा गुडघा काय लष्कराचा न्हाई.” मी बुटात राहिलो. तेव्हापासून माझा चहा ओट्यावर, पेपर ओट्यावर, दुपारचं जेवण ओट्यावर. एकतीस वर्षं शाळा आणि घर यांच्या आत काढल्यावर बाहेर बसणं मला मानवलं. समोरचा डोंगर दिवसातून किती वेळा रंग बदलतो ते मी आता बघतो. संध्याकाळी तो वांग्याच्या रंगाचा होतो आणि मग नुसता पुसला जातो. तेवढं झालं की रंगुबाई येते, पाठ करून उभी राहते आणि म्हणते, “द्या.”

मागच्या शनिवारी आप्पासाहेबाबरोबर शिंगणापूरला गेलो. का गेलो ते आत्ता विचारू नकोस. तुला माहीत आहे, साडेसाती जावी म्हणून लोक पायातलं तिथेच सोडून अनवाणी परत येतात. माझ्या मनात आलं, सगळं या बुटापासून सुरू झालं, तर इथेच सोडून जाऊ. (साडेसाती साडेसात वर्षांची. आपलं अकरा वर्षं चाललंय, म्हणजे वरची साडेतीन तरी देवाची नव्हेत, आपल्या घरची आहेत.) आप्पासाहेबानं घाम गाळून जुना ओढला, नव्याची चेन मी काढली. दर्शन घेतलं, तेल वाहिलं, आणि दोन्ही बूट सोडलेल्या चपलांच्या ढिगाशेजारी नीट जुळवून ठेवून निघालो. शंभर पावलं गेलो असेन, मागून हाक आली. रुईच्या माळा विकणारी एक म्हातारी, बनुबाई नाव तिचं, दोन्ही बूट काखेत मारून पळत येत होती. धापा टाकत म्हणाली, “बाबा, ह्ये घिऊन जा. चुकलंय तुमचं.” मी म्हणालो, मुद्दाम सोडलेत. तर म्हणाली, “सोडायचा आसंल तर जोड सोडा. ही जोडी न्हाई. ह्ये दोन एकटे हायेत. एकट्याची साडेसाती एकट्यानं जात न्हाई.” असं कुठल्या पोथीत आहे की तिनं मनानं सांगितलं ते मला माहीत नाही. आप्पासाहेब हसायला लागला. मला हसू आलं नाही. मी बूट छातीशी धरून गाडीत बसलो आणि घोडेगावपर्यंत ते खाली ठेवले नाहीत.

नवा बूट मी आता ट्रंकेत ठेवून दिला आहे. रॉबिनचा राग नाही, त्याचा हात सोन्याचा आहे. पण दोन वेगळ्या जागचे एकत्र बांधले म्हणून जोड होत नाही. सध्या डाव्या पायात आजोबांचा बूट आणि उजव्यात जुना सँडल असा हिंडतो. चाल जरा एकीकडे कलते. गावाला त्याची सवय झाली आहे, म्हशीलाही झाली आहे. एवढंच कळवायचं होतं. बाकी विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार सांग, पार्थला आशीर्वाद, आणि तुझ्या तब्येतीबद्दल, जिच्याविषयी मला काही माहीत नाही, काळजी घे.

तुझा धाकटा,
सहादेव

ता. क. – वर मी एक खोटं लिहिलं आहे. मला माहीत होतं. पार्थनं मोबाईलच्या स्टेटसला तुझा दवाखान्यातला फोटो टाकला होता, नळ्या लावलेला, तरी हात वर करून काहीतरी हुकूम सोडणारा. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नगरला आलो. दूध घालून परस्पर, बूट घालूनच आलो, काढायला वेळ नव्हता. तुझ्या खोलीच्या दारावर पाटी होती, ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. बाकावर बसून उजव्याची चेन काढली, तो निघाला. डावा निघेना. एक पाय अनवाणी आणि एक साहेबाचा, असा मी तुझ्या दारासमोर दोन तास बसलो होतो. आतून तुझा खोकला ऐकू येत होता. तिथला एक माणूस म्हणाला, काका, ओढू का? मी म्हणालो, नको, निघेल आपोआप. दादा, बुटाचं निमित्त होतं. मला आत येऊन काय बोलायचं ते सुचत नव्हतं, आणि तू मान फिरवली असतीस तर त्या बुटात मला पटकन परतही जाता आलं नसतं. म्हणून मग शिंगणापूरला गेलो. तुझ्यासाठीच तेल वाहिलं. आता खोडत नाही.

ता. क. दुसरा – पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. तुझा उजवा बूट मला हवा आहे. पण तो कुरिअरनं पाठवू नकोस, आप्पासाहेबाच्या टेम्पोतही देऊ नकोस. पायात घालून ये. दुसऱ्या पायात काहीही घाल, इकडे कुणी विचारणार नाही. विचारलंच कुणी घोडं कुठाय म्हणून, तर म्हणावं, सहादेवाकडे चरायला सोडलंय. मी डावा घालून फाट्यावर उभा राहतो. तिथून घरापर्यंत खांद्यावर हात टाकून येऊ, मोकळे पाय मध्ये. मग ओट्यावर बसू. तुझा मी ओढतो, माझा तू ओढ. रंगुबाईनं सांगून ठेवलं आहे, ती आता कुणाचाच ओढणार नाही.

ता. क. शेवटचा – निघण्याआधी डॉक्टरांना विचार, तुला ओढायची परवानगी आहे का. नसली तर तरीही ये. तुझा काढून देतो, तू आत जाऊन पड. मी माझा घालून ओट्यावरच बसेन, तू बरा होईपर्यंत. मला बाहेर बसायची सवय आहे.